सुगडातलं विरजण

"दिवा लागायच्या आत काय ते वाटून टाक," आत्याबाई म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर माझ्या घरचं विरजण उंबऱ्याबाहेर जायचं नाही."

"नाही जाणार, आई. सूर्याला सांगून ठेवलंय थांब म्हणून," हे म्हणाले आणि त्यांनी पुढचं सुगड उचललं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि हे म्हणजे दिगंबर ननवरे, माझे मालक. सोलापुरात जुन्या गिरणीच्या मागच्या बोळात आमची खानावळ होती. धपाटे, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. खरं म्हणजे दहीच. बाकीचं सगळं त्याच्या सोबतीला. वाटी उलटी धरली तरी दही पडायचं नाही. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं गिऱ्हाईक हटकून त्याला हे करून दाखवायचं, आणि वर्षाकाठी एखाद्याची विजार खराब व्हायचीच.

ते विरजण आत्याबाईंनी लग्नात मंगळवेढ्याहून, माहेराहून आणलेलं. पण दही लावायचे हे. सासरे गेल्यापासून यांच्याकडेच ते काम. "माझ्या हातचं आंबट होतं, सुनेच्या हातचं पाणी सोडतं," असं आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या. "दिगूच्या हातचं लागतं." मला राग यायचा नाही. खरंच पाणी सोडायचं.

त्या दिवशी जुन्या खानावळीचा शेवटचा दिवस होता. माळवदाची एक तुळई खचून टेबलावर आली होती. पहाटेची वेळ, कुणी जेवायला बसलेलं नव्हतं म्हणून निभावलं. इंजिनिअरने मान वर करून बघितलं, आणि मान खाली घालून सांगितलं, सगळंच उतरवा. पाडून स्लॅबचं बांधायचं आणि दसऱ्याला उघडायचं ठरलं.

"दसऱ्यापर्यंत लोक काय उपाशी बसणारेत का?" आत्याबाईंचं म्हणणं. "दुसरीकडं जातील आणि तिथलीच होतील. पोटाला काय, कुठलीबी सवय लागते."

 मग एक दिवस हे कुंभारवाड्यातून हातगाडीभर सुगडं घेऊन आले. संक्रांत होऊन गेली होती, त्यामुळे कुंभाराने उरलेला माल अक्षरशः मातीमोल दिला होता.

"ही कशाला?" मी विचारलं.

"रोजच्या गिऱ्हाइकाला एकेक. आत आपलं विरजण. घरी दही लावायचं, रोज थोडं मागं ठेवायचं, आणि आपण उघडू त्या दिवशी ज्याचं त्यानं परत घेऊन यायचं. घरात ननवऱ्याचं दही असल्यावर दुसरीकडं जीव रमेल का कुणाचा?"

"आणि त्यांनी बिघडवलं तर?" आत्याबाईंनी विचारलं.

"बिघडवू देत. मूळ आपल्याकडं आहेच की."

तर त्या संध्याकाळी ओळ लागली होती. गड्डमकाका सगळ्यात पुढे. ते यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते, आणि मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. "बायको ओरडणार, वैनी! घरात सहा तोंडं हाईत, हे सातवं!" असं ओरडत त्यांनी सुगड दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

रिक्षावाले रज्जाकभाई म्हणाले, "भाभी, लेक द्यावी तसं देताय. खाऊ की जपू?"

"दोन्ही करा," हे म्हणाले.

मग लिगाडे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली टायपिंगचं मशीन घेऊन बसायचे. लग्न केलेलं नव्हतं, भाड्याच्या खोलीत राहायचे, दोन्ही वेळा आमच्याकडेच.

"दूध कोमट पाहिजे म्हणता. किती कोमट?"

"करंगळी बुडवायची. करंगळीला राग यायला नको आणि थंडीही वाजायला नको."

लिगाडे आपल्या करंगळीकडे बघत राहिले, जणू तिची आज पहिल्यांदाच ओळख झाली.

दिवा लागायच्या आत सगळी सुगडं गेली. मागे उरलं ते आमचं मडकं. ते आत्याबाईंनी स्वतः मांडीवर घेतलं आणि रिक्षातून भाड्याच्या दोन खोल्यांत नेलं. भांडीकुंडी टेम्पोतून मागाहून आली.

त्यानंतर यांचा एक उद्योगच झाला. सकाळी बांधकामावर उभं राहायचं आणि दुपार कलली की लुना काढून दह्याची विचारपूस करायला जायचं. "काय म्हणतंय आमचं दही?" असं दारातून विचारायचे. दिल्या घरच्या लेकीची चौकशी करावी तसं. परत आले की आम्हाला बातम्या. गड्डमांकडे सुखात आहे, पण पोरं साय खातात. रज्जाकभाईंनी शेजारपाजारी दिलं, आता अख्खी गल्ली आपल्या नात्यात. लिगाडे तिसऱ्यांदा विचारत होते की करंगळी डाव्या हाताची की उजव्या.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. "तुम्ही दही दत्तक देऊन बसलात," मी एकदा म्हटलं. हे हसले. मग थोडा वेळ हसले नाहीत. मग म्हणाले, "बरंय की. पसरलं तर चांगलंच."

चैत्रात स्लॅब टाकला. नव्या स्लॅबला पाणी मारायला हे स्वतः वर जायचे. गवंड्यावर विश्वास होता, पण पाण्याच्या बाबतीत नव्हता. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. एका दुपारी पन्हाळीतून पाणी वाहतच राहिलं म्हणून गवंड्याने खालून हाक मारली. वर गेला. नळी चालूच होती आणि हे तिच्याशेजारी ओल्या स्लॅबवर आडवे झालेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला आठवतं ते एवढंच की घरी आणलं तेव्हा सदऱ्याची पाठ अजून गार होती.

गल्लीतल्या बायका आल्या. मयताच्या घरात साठवलेलं पाणी आणि शिजवलेलं अन्न ठेवत नाहीत, ही रीत. त्यांनी हंडे-कळश्या ओतल्या. भात टाकला, आमटी टाकली. दह्याचं मडकंही मोरीत रिकामं केलं, राखेने घासलं आणि भिंतीशी पालथं घातलं. फार निगुतीने घासलं होतं. कुणाची काही चूक नव्हती. त्यांच्या घरी असं झालं असतं तर मी जाऊन हेच केलं असतं.

तेरावा झाला. त्या संध्याकाळी मी सवयीने दूध तापवलं. आत्याबाईंनी मडकं सुलटं केलं, आत हात फिरवला, हाताचा वास घेतला.

"काही नाही यात," म्हणाल्या.

तोवर त्या रडल्या नव्हत्या. तेव्हाही रडल्या नाहीत. मडकं होतं तसं पालथं ठेवलं आणि मला म्हणाल्या, "दूध तू पिऊन टाक."

बांधकाम माझ्या धाकट्या दिरांनी पुरं केलं. नंदकुमार भावजी पुण्याला नोकरीला, दर रविवारी यायचे. माणूस वाईट नाही. श्रावणात एकदा चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, एक मोबाईलवाला विचारतोय. पुढचा सगळा भाग भाड्याने मागतोय. तुम्हाला दोघींना बसून खायला होईल. खानावळ कोण बघणार आता?"

"मी बघणार."

"तुम्ही धपाटे करता, मला माहितीये. पण दादा होता तेव्हा..."

"धपाट्याला दादा लागत नव्हते, भावजी."

"आणि दह्याला?" कोपऱ्यातून आत्याबाईंनी विचारलं. "दुकानातनं पिशवी आणून वाढणार? ननवऱ्यांच्या पाटीखाली?"

"विरजण लोकांकडे दिलंय की, आत्याबाई. परत मागते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत नीट बघितलं ते तेव्हाच. "दिगूनं दिलेलं परत आण. आणलंस तर शटर उघडू. नाहीतर नंदू म्हणतो तसं होऊ दे. मला रिकामं मडकं रोज बघायचं नाही."

मी लुना चालवत नव्हते. चालत निघाले.

गड्डमकाका कामावरून नुकतेच आले होते. मी विचारलं तसे ओरडले, "हाय की वैनी! असणार नाही तर काय! दिगंबरशेठनी दिल्यालं टाकतो व्हय आमी?" त्यांची बायको चुलीपाशी होती. तिची नजर खाली गेली ती वर आलीच नाही. फळीवर सुगड होतं, त्यात काड्यापेटी आणि सुईदोरा. त्यांना नाही म्हणायला जमलं नाही आणि मला विचारायला. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी घेऊन या, काका," म्हटलं. "आणतो! आणतो म्हंजे आणतोच!"

रज्जाकभाई म्हणाले, "मेच्या उन्हात आमचं फार आंबट झालं, भाभी. मग शेजारणीकडनं परत आणलं. तिनं तिच्या बहिणीकडनं आणलं होतं. पण ते आमच्यातलंच होतं म्हणते. असेल ना?"

"असेल की."

लिगाडे मात्र लिंबाखाली मशीनवरचे हात काढून उभेच राहिले. "मी चहासुद्धा बिनदुधाचा पितो, वहिनी. पण दूध रोज घेतलं. दिगंबरशेठनी सांगितलं होतं." मग आवाज खाली आला. "मध्ये बहिणीकडे अक्कलकोटला जावं लागलं. तेवढे दिवस घरमालकीणबाईंना सांगून गेलो होतो. आल्यावर सुगडात दही होतं. तेच होतं का, ते मी त्यांना विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"त्या नाही म्हणाल्या असत्या तर?"

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "आहे का?"

"आहे म्हणतात," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. म्हणतच होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही नव्या खानावळीत जाऊन बसलो. चुन्याचा, रंगाचा वास. ओट्यावर काळा दगड, भिंतीला फरशी. सगळं इतकं कोरं की बोललं तरी आवाज परत यायचा. आत्याबाई पाटावर बसल्या, पुढ्यात मडकं सुलटं करून. भावजी दाराशी उभे. मोबाईलवाल्याला त्यांनी संध्याकाळपर्यंत थांब म्हणून सांगितलं होतं, ते मला ठाऊक होतं.

मला वाटलं होतं चार माणसं येतील. बोळाच्या तोंडापर्यंत ओळ लागली.

गड्डमकाका पहिले. सुगड घासून लख्ख केलेलं. त्यांनी ते आत्याबाईंपुढे ठेवलं आणि ओरडायचं विसरून उभे राहिले. आत्याबाईंनी बोटाचं टोक बुडवलं, जिभेला लावलं. डोळे मिटले. दाराशी भावजी, मागे ती ओळ, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"आपलंच आहे," आत्याबाई म्हणाल्या आणि सुगड मडक्यात ओतलं.

गड्डमकाकांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. पंचा बराच वेळ तोंडावर राहिला.

रिकामं सुगड उचलताना मीही कडेला बोट लावलं. सकाळच्या डेअरीच्या पिशवीचं होतं. गोडमिट्ट, मिळमिळीत. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रज्जाकभाईंचं डोळे मिचकावायला लावणारं आंबट. "आपलंच." लिगाडेंचं पातळ, वर पाण्याचा थर. "आपलंच. करंगळी कुठल्या हाताची घातलीत?" लिगाडे म्हणाले, "दोन्ही." लोक हसले आणि तो हॉल पहिल्यांदा जरा खानावळीसारखा वाटला. कुणाचं सुगड फुटलं होतं, त्याने स्टीलच्या डब्यात आणलं. कुणी फ्रीजमधून काढलेलं, त्याला कांद्याचा वास. आपलंच. आपलंच. एकेकाचं नाव घेत होत्या, बोट बुडवत होत्या, डोळे मिटत होत्या, ओतत होत्या.

शेवटी एक पोरगेलासा पोस्टमन पुढे आला. त्याच्या हातात चक्क पेला. "मावशी, मी या भागात नवीन. मला तेव्हा मिळालं नव्हतं. पण सगळे आणतायत म्हणून मीपण आणलं. आमच्या घरचं आहे."

"ह्याला तर दादाने दिलंच नव्हतं!" भावजी माझ्या कानाशी कुजबुजले.

आत्याबाईंनी त्याच्याही पेल्यात बोट बुडवलं. याला जरा जास्त वेळ लागला.

"हेबी आपलंच," म्हणाल्या.

मडकं गळ्यापर्यंत भरलं होतं. त्यांनी पळी घेतली आणि सगळं सावकाश ढवळलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "नंदू, त्या मोबाईलवाल्याला सांगून टाक. दुसरीकडं जागा बघ म्हणावं."

त्या संध्याकाळी मी दूध तापवलं. करंगळी घालायला गेले तर आत्याबाईंनी माझा हात धरला. वाटलं, स्वतः लावणार. पण त्यांनी नुसता धरला, थोडा वेळ, आणि सोडून दिला. "लाव," म्हणाल्या.

सकाळी दही लागलं होतं. पाणी सुटलं होतं थोडं. दसऱ्याला पहिल्या पंगतीत गड्डमकाकांनी वाटी उलटी करून दाखवली आणि लिगाडेंचा पायजमा खराब झाला. कुणीही काही बोललं नाही. लिगाडे तर म्हणाले, "तीच चव." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाढत होते, मला मान हलवायची गरज पडली नाही.

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. शेवटी शेवटी अंथरुणाला लागल्या. दुपारची गर्दी ओसरली की मी आत जाऊन त्यांना दहीभात भरवायची. एका दुपारी दोन घास झाल्यावर त्यांनी हाताने थांबवलं.

"शालन, ती सुगडं आणली होती लोकांनी. त्यातलं एकबी आपलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"तुला कुठनं माहीत?"

"गड्डमकाकांच्या सुगडात मीही बोट घातलं होतं."

त्या हसल्या. आवाज न होता, नुसतं पांघरूण हललं. "पिशवीचं होतं मेल्याचं. पेढ्यासारखं गोड."

"मग आपलंच का म्हणालात? शटर उघडायचं होतं म्हणून?"

"शटरचं मला काय होतं?" थोडा दम घेतला. "पहिल्याच्याला बोट लावलं तेव्हा कळलं, हे नव्हं. दुसऱ्याचंबी नव्हं. आणि मग वाटलं, दिगूनं आपल्या हातानं भरून दिल्यालं ते. कुणी सुगड नीट धुतलं नसंल. कुणी शेजारणीला दिलं असंल आणि तिच्याकडनं फिरून आलं असंल. एखादा थेंब कुणाच्यात तरी राहिला असंल का नाही? पण कुणाच्यात, ते माझ्या जिभेला सापडंना. मग नको कुणाला म्हणू? ज्याला नको म्हणले, त्याच्यातच तो असला तर?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आणि तो पोस्टमन?" मी विचारलं. "त्याला तर दिलंच नव्हतं."

"त्याला नाही म्हणायला तोंड झालं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "आला होता की तो."

मी घास पुढे केला. त्यांनी तो घेतला, चावायचं काही नव्हतं तरी सावकाश चावला. मग म्हणाल्या, "आता ऐक. मी गेले की बायका येतील, पाणीबिणी ओततील. त्यांना बोलू नको, रीत आहे. मडकं तू आधीच गड्डमच्या बायकोकडं नेऊन ठेव."

"काहीतरी काय बोलताय?"

"आजच ने. माझं काय सांगता येतंय? आणि दिवा लागायच्या आत ने."

मी भांडले, रुसले, शेवटी मडकं पदराखाली घेऊन निघाले. गड्डमांच्या बायकोने दार उघडलं. काका जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांचं मागासारखं ओरडणं कानात नसल्यामुळे की काय, ती आता फार हळू बोलायची. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं. हात धुऊन आली आणि दोन्ही हातांनी मडकं घेतलं.

"वैनी," ती म्हणाली, "ह्या वेळी नाही बिघडू देणार."

मी उंबऱ्यावर जरा उभी राहिले. मग उजेड होता तोवर घरी आले.